पाळकसाहेब येईपर्यंत

बाळांनो, आज डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. नवऱ्याचं ऑपरेशन होतं. नर्सनं हाक मारली, तशी त्या बाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून म्हणाली, “प्रभू, यांना सांभाळ.” एवढंच. तो आत गेला. ती त्याच्या चपला मांडीवर घेऊन बसली.

मला तुमच्या आजोबांची शेवटची दुपार आठवली. “तू माझ्यासाठी प्रार्थना कर,” ते म्हणाले होते.

“पाळकसाहेब चर्चमधून निघालेत. येतीलच इतक्यात,” मी म्हणाले.

“रविवारच्या शाळेत जन्मभर शिकवलंस ना, ख्रिस्तानं आपल्या सगळ्यांना राजे आणि याजक केलंय म्हणून? मग आज काय झालं, राणीसाहेब?”

मी हसले. चादर सरळ केली, पाळकसाहेबांसाठी खुर्ची पुसून ठेवली. ते आले तेव्हा प्रार्थना ऐकायला आजोबा राहिले नव्हते.

जो माणसाला देवापुढे नेतो तो याजक, हे मी मुलांकडून पाठ करून घेत असे. त्या दुपारी एका तापलेल्या कपाळाएवढं राज्य माझ्या हाताखाली होतं, आणि मी खुर्ची पुसत राहिले.

माझं नाव पुकारलं. जाता जाता मी त्या बाईच्या डोक्यावर हात ठेवला. प्रार्थना करायची होती; पण तोंडून तुमच्या आजोबांचं नाव निघालं, संसारात एकदाही न घेतलेलं.