ओलेफिनबाई आणि तिचा कोबाल्ट

आमच्या सिडकोतल्या इमारतीत मध्यंतरी एक बातमी फिरली: तिसऱ्या मजल्यावरच्या धनराज गावितचं शरणपूरकडच्या ख्रिस्ती वस्तीतल्या कुणा ओलेफिनबाईशी जमलंय. जोसेफिन असते, तशी ही ओलेफिन. बातमी साफ खोटी. ओलेफिन ही बाईच नव्हे, कारखान्यातला एक पदार्थ आहे, हे आता मलाही कळलंय. पण तेव्हा माझ्या कानावर काय पडलं ते ऐका, आणि सांगा, तुम्ही काय समजला असता?

जिन्यात उभा राहून हा फोनवर म्हणत होता, "ओलेफिन सुटली की लगेच बाहेर काढा. रेंगाळली तर परत येऊन कोबाल्टला चिकटते!"

आता हा कोबाल्ट कोण? तिचा नवरा असावा, असा मी अंदाज बांधला. अंदाज खालच्या लंकाबाईंना सांगितला, एवढंच.

धनराज तसा संशय यावा असाच माणूस. सुरगाण्याचा. एमएस्सी करून अंबडच्या एका प्रयोगशाळेत लागला. गावाहून नागली आली की घरोघरी वाटतो, पण कामाचं विचारलं की "गॅसचं आहे" म्हणून गप्प. इतका सरळ माणूस मला कधी पटलाच नाही.

संध्याकाळी बातमी त्याच्या बायकोच्या, मीनाच्या कानी गेली. तोवर ओलेफिनबाईला एक मुलगाही झाला होता. त्यात मीनाला नवऱ्याच्या जेवणाच्या पिशवीत मऊ, पांढऱ्या कसल्याशा पदार्थाने भरलेली काचेची डबी सापडली.

"बाईचं क्रीम दिसतंय," मी हळूच म्हणालो.

झालं! मीनाने माहेरी जायला बॅग भरली.

धनराज आला तेव्हा बॅग दारात, मीना बॅगेवर, आणि निम्मी इमारत जिन्यात.

"अहो, कोण ती?"

"कोण?"

"परत परत येऊन चिकटते ती!"

धनराजला आपलंच फोनवरचं वाक्य ओळखू आलं, आणि मीनाच्या हातातली डबीही दिसली. मग त्याने देव्हाऱ्यातली वात आणून डबीत खोवली आणि पेटवली. क्रीम मेणबत्तीसारखं जळू लागलं.

"अगं, मेण आहे हे! तुला दाखवायलाच आणलं. कोबाल्ट धातूच्या दाण्यांवरून आम्ही गॅस सोडतो. तिथे त्याचे कण एकमेकांना जोडून साखळी होते. एखादी लहान साखळी मधेच सुटते, ती ओलेफिन. आम्हाला पातळ तेल हवं असतं. पण ती परत धातूवर जाऊन बसली, की लांबत लांबत तिचं मेण होतं."

मीनाने ज्योतीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आणि कोबाल्ट?"

"तो होता तसाच. घडतं सगळं त्याच्यामुळे, पण त्याचं काही जात नाही."

मीना फस्सकन हसली आणि बॅग उचलून आत गेली. माझी शंका मात्र तशीच.

"धनराज, सगळं पटलं रे. पण हा कोबाल्ट दिसतो कसा?"

"तुमच्यासारखा, काका. एवढीशी गोष्ट चिकटली की लांबलचक होऊन सुटते, आणि तुम्ही होतात तसेच!"