आईचं माहेरचं नाव

आमची कंपनी ऑनलाइन साड्या विकते. गेल्या उन्हाळ्यात टीम लीडने मला एक काम लावलं. ओपन सोर्स लायब्रऱ्या, म्हणजे कुणीतरी लिहून जगाला फुकट वाटलेला कोड, ताडून बघायच्या. एक हवी होती 'ही साडी घेणाऱ्यांनी हेही घेतलं' असं सुचवणारी. दुसरी, गिऱ्हाईकाला ताटकळत न ठेवता बिलं, ईमेल वगैरे मागच्या मागे उरकणारी. या दुसऱ्या यादीत चार लायब्रऱ्या होत्या आणि त्यातली एक माझी होती.

ऑफिसात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. धायरीच्या घरी रविवार-रविवार बसून मी ती लिहिली आणि लेखिका म्हणून आईचं माहेरचं नाव घातलं. आईचं ते नाव लग्नात गेलं. ताटात तांदूळ पसरले, बाबांनी अंगठीने नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, झालं! मग रेशनकार्डावर नवंच, पेन्शनच्या कागदांवर नवंच. जुनं उरलं ते फक्त माझ्या फाइलींच्या डोक्यावर. आईला दाखवलं तर चष्मा लावून, बोट फिरवत वाचलं आणि "स्पेलिंग बरोबर आहे" एवढंच म्हणाली. मग शेजारच्या काकूंना हाक मारून बोलावलं आणि त्यांनाही दाखवलं.

मीटिंगमध्ये सुचवणाऱ्या लायब्ररीचा निकाल झटकन लागला. परदेशातल्या बड्या कंपनीची, म्हणून पास. आमच्या चाचणीत ती नऊवारी घेणाऱ्या बाईला परकर सुचवत होती. म्हटलं, "अरे, नऊवारीखाली परकर घालतं का कुणी?"

"मॅम, डेटा तसं म्हणतोय," लीड म्हणाला.

डेटाच्या आईने कधी नऊवारी नेसली होती, देव जाणे.

मग माझी. चारांत सगळ्यात वेगवान, आणि एकही काम न हरवणारी. अहवालात मी तसंच लिहिलं होतं, त्यात एक अक्षर वाढवून नव्हतं.

"चांगलीय," लीड म्हणाला, "पण मागे एकटीच बाई दिसतेय. उद्या बसखाली आली म्हणजे?" सगळे खो-खो हसले. मी सकाळी बसनेच आले होते, स्वारगेटपर्यंत उभ्याने.

"असं करू, कोड उचलून आपल्या नावाने ठेवू. मॅम, तुमचा अभ्यास झालाय, तुम्हीच सांभाळा. वरचं ते नाव तेवढं काढून टाका."

"फुकट वापरायचं तर लायसन्सच्या अटीप्रमाणे लेखिकेचं नाव ठेवावं लागतं," मी म्हटलं. आवाज चढलाच माझा.

"कोण बघतंय मॅम? ती बाई काय कोर्टात जाणारे?"

तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार काय, कपाळ? नोकरीत असताना जे लिहाल ते कंपनीचं, असं करारात कलम आहे. माझं आहे म्हणावं तर त्यांचं, गप्प बसावं तरी त्यांचं. इकडे आड, तिकडे विहीर. चाळिशी उलटलेल्या बाईला दुसरी नोकरी कोण काढून ठेवतंय? जेवणाच्या सुट्टीनंतर बसले आणि एकेका फाइलवरून आईला पुसत गेले. मूळ प्रत आहे म्हणा इंटरनेटवर, पण तिला कुत्रं विचारत नव्हतं. पहिल्यांदाच कुठे खरी कामाला लागली, तीही बिननावाची.

घरी आले तर आई मेथी निवडत बसली होती.

"लागली का गं ती तुमच्याकडे कामाला?"

"लागली."

"वर माझं नाव आहे ना?"

"नाही. काढायला लावलं."

"कुणी काढलं?"

"मीच."

तिने हातातली जुडी निवडून संपवली, देठं कागदात गुंडाळली.

"असू दे," ती म्हणाली. "मागच्या वेळी निदान पेढे तरी वाटले होते."