जिन्यावरची अकरा पावलं

भास्कर साळवे, आमचे भाऊ, गेले ही बातमी मला कुठे कळली ते सांगायचीही लाज वाटते. सिनेमांच्या डिस्क जमवणाऱ्या आम्हा हौशी मंडळींचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्या सकाळी तिथे जुंपली होती. एका जुन्या, गाजलेल्या सिनेमाची नवी हाय-डेफिनिशन आवृत्ती निघाली होती आणि चित्रावरचे जुन्या फिल्मचे रवाळ दाणे कंपनीने पुसायला हवे होते की नको, यावर उजाडल्यापासून मेसेजांचा पाऊस चालला होता. त्यातच भाऊंच्या नंबरवरून त्यांच्या मुलीने लिहिलेली ओळ आली : ‘बाबा पहाटे गेले. अकरा वाजता नेणार आहोत.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. माहीमच्या आमच्या दंतवैद्य डॉक्टरांनी ‘भाऊंना आदरांजली’ असं लिहिलं आणि पुढच्याच मेसेजात दाण्यांचा मुद्दा जिथे सोडला होता तिथून उचलला. मला संताप आला… पण तो करण्याचा अधिकार मला नव्हता. शेवटच्या महिन्यात भाऊंनी माझ्याकडे एकच वस्तू मागितली होती आणि ती मी त्यांना दिली नाही. ‘देऊ शकले नाही’ असं लिहिणं सोपं गेलं असतं, पण ते खरं नाही.

मी गिरगावातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांना नंबर टाकले, निवृत्त झाल्यावर स्वतःच्या डिस्कना टाकू लागले. महिन्यातून एका रविवारी सकाळी आम्ही सगळे दादरला एका क्लासच्या वर्गात जमतो. बाकांवर डिस्क मांडायच्या, एकमेकांच्या बघायच्या, अदलाबदल करायची आणि भांडायचं. सगळ्यांत जास्त वेळ अर्थातच भांडण्यात जातो. तिथे सहा वर्षांपूर्वी भाऊ पहिल्यांदा आले. सत्तरीच्या आतबाहेरचा बारीक माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि हातात औषधाच्या दुकानाची पिशवी. पिशवीत अकरा डिस्क. आमच्यातल्या एकेकाकडे कपाटंच्या कपाटं भरलेली, आणि हे गृहस्थ अकरा डिस्क घेऊन संग्राहकांच्या बैठकीला! सिनेमे तरी कसले, तर एकमेकांशी काही नातं नसलेले. एक पौराणिक, दोन मारामारीचे, एक अगदी पडेल. कोणी नवी डिस्क दाखवली की भाऊ एकच प्रश्न विचारायचे, ‘‘आवाज जुनाच आहे ना?’’ आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो. माझा अंदाज असा होता की रविवारी घरात अडचण नको म्हणून सुनेने यांना बाहेर पाठवलं असणार. (त्यांना सून नव्हती. एकच मुलगी, ती ठाण्याला असते.)

चारेक महिने असेच गेले. मग एका रविवारी चहा पिता पिता मी माझ्या आवडत्या सिनेमाचं पाल्हाळ लावलं होतं. नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर तुमची सकाळ त्यावरच्या वादात जाईल. त्यात वरच्या मजल्यावर नायिकेला फोन येतो, नवरा अपघातात गेल्याचा. खाली धाकट्या बहिणीला हळद लागते आहे. कॅमेरा नायिकेवर नाहीच. तो खाली बसलेल्या वडिलांच्या चेहऱ्यावर रोखलेला, आणि आपल्याला ऐकू येतात फक्त जिन्यावरून उतरणारी तिची पावलं. ती पडद्यावर येण्याआधीच वडिलांना सगळं कळलेलं असतं. आठवीत असताना मी हे पाहिलं आणि घरी येऊन जेवले नव्हते. ‘‘काय चाललीय हो ती बाई! नुसत्या पावलांनी अभिनय केलाय,’’ असं मी म्हटलं, तेव्हा शेजारच्या बाकावर भाऊ बशीत चहा ओतत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘ती नाय चालली, ताई. मी चाललोय.’’

शूटिंगच्या वेळी पावलांचा आवाज धड मिळत नाही, म्हणून नंतर बंद खोलीत पडद्याकडे बघत कोणीतरी त्या पात्राच्या जागी चालायचं असतं. दार लोटायचं, बांगड्या वाजवायच्या, मुठीने उशी बडवून मारामारी करायची. भाऊंनी दादरच्या एका स्टुडिओत चोवीस वर्षं हे काम केलं. परळच्या चाळीतून चालत जायचे आणि दिवसभर दुसऱ्यांच्या पायांनी चालून पुन्हा घरी यायचे. त्या सिनेमाच्या वेळी स्टुडिओतल्या बायकी सँडल त्यांना पोकळ वाजल्या, म्हणून त्यांनी बायकोच्या लग्नातल्या सँडल नेल्या. त्या इतक्या लहान की टाच निम्मी बाहेर. ‘‘चौथ्या पायरीवर ती थांबते ना, तिथं मी टाच घासलीय जराशी. डायरेक्टरसाहेब बोलले नव्हते तसं. मला वाटलं, एवढी मोठी गोष्ट पोटात घेऊन बाई उतरतेय, कुठंतरी पाय अडेलच.’’ मग वर्गातल्या फळ्यापुढे उभं राहून, एका जागी, त्यांनी मला ती अकरा पावलं चालून दाखवली. चष्मा घातलेला म्हातारा माणूस, पायात रबरी चपला… आणि मी भर वर्गात डोळ्यांना पदर लावला. श्रेयनामावलीत त्यांचं नाव नव्हतं. पिशवीतल्या एकाही सिनेमात नव्हतं. त्या अकरा डिस्क म्हणजे भाऊंच्या हयातभरच्या कामाचा, बाजारात शिल्लक राहिलेला, सगळा पुरावा होता.

पुढे त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. दादरला येणं थांबलं, घरी ऑक्सिजनचं मशीन आलं, नाकात नळी आली. आणि त्याच सुमारास कंपनीने जाहीर केलं की तो सिनेमा नव्याने, मूळ निगेटिव्हवरून स्वच्छ करून ब्लू-रेवर येतोय. ग्रुपमध्ये दिवाळी! डिस्क हातात पडली त्या दिवशी दुपारीच मी ती लावली. काय चित्र होतं! हळदीचा पिवळा, मांडवातल्या आंब्याच्या पानांवरची धूळसुद्धा दिसत होती. जिन्याच्या प्रसंगात वडिलांच्या वरच्या ओठावर घाम आहे, हे मला चोपन्न वर्षांत पहिल्यांदा दिसलं. मी लगेच ग्रुपवर लांबलचक लिहिलं. चित्र आणि आवाज दोन्हींना दहापैकी दहा. ‘आवाज तर असा, जणू आपल्याच घराच्या जिन्यावरून कोणी उतरतंय,’ हे वाक्य माझं आहे. डॉक्टरांनी ते त्यांच्या ब्लॉगवरही टाकलं. आणि मग मी आम्हा लोकांच्या रिवाजाप्रमाणे वागले. नवी चांगली आवृत्ती आली की जुनी काढायची. कपाटात जागा होते आणि अद्ययावत असल्याचं समाधानही मिळतं. पुढच्या रविवारी माझी जुनी डीव्हीडी मी ‘ज्याला हवी त्याने न्यावी’ या बाकावर ठेवली. घरी निघताना पाहिलं तर ती गेलेली होती. कोणी नेली ते मी विचारलंही नाही.

त्या आठवड्यात मी नवी डिस्क आणि माझा प्लेअर घेऊन परळला गेले. भाऊंना आनंद द्यायला, हो. खोलीत मशीनची घरघर सतत चालू. टीव्हीचा आवाज कितीही वाढवला तरी ती वरचढ. जिन्याचा प्रसंग जवळ आला तसं भाऊंनी बायकोला, सुमनवहिनींना, खूण केली, मशीन बंद कर. वहिनी नको नको म्हणत होत्या. ‘‘दोन मिनिटं चालतंय गं, डॉक्टर बोललेत,’’ असं त्यांनी दडपून सांगितलं. मशीन थांबलं. पडद्यावर वडिलांचा चेहरा आला, आणि जिन्यावरून पावलं उतरली. टक, टक, टक, टक… स्वच्छ, सारखी, खणखणीत. चौथ्या पायरीवर काहीही झालं नाही. कंपनीने नवा आवाज घातला होता. कुठल्या तरी नव्या स्टुडिओत, कोणी तरी नव्याने चालून घेतलेला. भाऊंचे ओठ निळसर दिसायला लागले होते. वहिनींनी मशीन चालू केलं. बराच वेळ छाती भरून घेतल्यावर ते म्हणाले, ‘‘ही नुसती खाली येतेय, ताई. हिला अजून काय कळलेलंच नाय.’’

मला कुठे तोंड लपवू असं झालं. ज्या पावलांसाठी मी जन्मभर गळा काढला, ती बदललेली मला ऐकूच आली नव्हती. मी घाम बघत बसले होते. भाऊंनी उशाखालून त्यांची स्वतःची जुनी डिस्क काढून दाखवली. कडेने तपकिरी डाग आत चढत गेले होते, प्लेअर ती वाचत नव्हता. ‘‘तुमच्याकडं तीच जुनी आहे ना? एकदा आणा. ऐकतो आणि देतो परत लगेच.’’ मी म्हटलं, ‘‘हो, आहे ना. आणते.’’ किती सहज म्हटलं… जीभ अडखळलीसुद्धा नाही.

मग शोधाशोध सुरू झाली. ग्रुपवर विचारलं, तर एकेकाची उत्तरं आली. काढली. दिली. भंगारात गेली. डॉक्टरांनी फोन करून मला समजावलं, ‘‘ताई, तो जुना मोनो, एककानी आवाज कोण ठेवतं? आता सगळीकडून येतो, स्पीकर-स्पीकरमधून फिरतो.’’ मी त्यांना भाऊंची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, ‘‘अरेरे. पण तांत्रिकदृष्ट्या नवाच सरस आहे.’’ आम्ही स्वतःला जतन करणारे म्हणवतो. हजारो डिस्कना प्लास्टिकची वेष्टणं घालतो, त्यांच्यावर ऊन पडू देत नाही. त्या सगळ्यांनी मिळून एका माणसाचं चालणं महिन्याभरात नाहीसं करून टाकलं होतं. लॅमिंग्टन रोडची दुकानं पालथी घातली. इंटरनेटवर पाहिलं, तिथेही नव्यावरूनच चढवलेलं. कंपनीला पत्र लिहिलं, की मूळ आवाजही एका बाजूला ठेवा, दोन्ही राहू द्या. फार अदबशीर उत्तर आलं. नव्या ध्वनीचं जाणकारांनी भरभरून स्वागत केलं आहे, असं त्यात म्हटलं होतं, आणि नमुन्यादाखल एक वाक्य दिलं होतं. आपल्याच घराच्या जिन्यावरून कोणी उतरतंय, ते.

यानंतरही मी भाऊंकडे गेले. एकदाच. रविवार होता. डिस्क दिली गेली, मीच दिली, असं सांगायचं ठरवूनच निघाले होते. पण त्यांना उशीला टेकून बसलेलं पाहिलं आणि धीर झाला नाही. मी म्हटलं, ‘‘पेट्या इतक्या झाल्यात की सापडतच नाही हो. सापडेल.’’ ते म्हणाले, ‘‘सापडंल की. जातेय कुठं.’’ मग त्यांनीच विषय बदलला. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मुलीच्या नव्या घराचं सांगितलं, एका नटाच्या बुटांचा किस्सा सांगितला आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. मी दीड तास बसले आणि सुटल्यासारखी बाहेर पडले. नऊ दिवसांनी ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी खूप माणसं होती, वहिनींशी बोलणं झालं नाही. परवा मुद्दाम गेले. तीन मजले चढून गॅलरीत आले तर दार उघडं होतं. मशीन भाड्याचं, ते परत गेलं होतं. त्याच्या जागी भिंतीला पुसट चौकोन राहिलाय. वहिनी दाराकडे पाठ करून मेथी निवडत बसल्या होत्या. मागे न बघताच म्हणाल्या, ‘‘या ताई. नाय मिळाली ना?’’

मी विचारलं, ‘‘तुम्हाला कसं कळलं मी आले ते?’’

‘‘पायांवरून. ह्यांच्यासोबत ऱ्हाऊन मलापण लागली सवय. गॅलरीत कोण येतंय, भांडून येतंय का पगार घेऊन येतंय, सगळं बोलायचे ते बसल्या जागी.’’ त्यांनी मला बसायला पाट सरकवला.

मी पाटावर बसले आणि एकदाचं सगळं सांगितलं. बाकावर ठेवलेली डिस्क, दहापैकी दहा, खोटं बोलले ते. वहिनी मेथीची पानं खुडत ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी परात बाजूला ठेवली.

‘‘त्यांना ठाऊक होतं, ताई. तुम्ही त्या रविवारी येणार म्हणून फोन केला होतात ना, तर सकाळपास्नं वाट बघत होते. तुम्ही खाली दिसलात म्हणून मी सांगितलं, तसं मला मशीन बंद करायला लावलं. बोलले, ताईंची पावलं ऐकू दे, आणलीय का ते कळंल. तुम्ही जिना चढून गॅलरीत आलात, आणि ते मला बोलले, ‘सुमन, पाय अडतोय ताईंचा. त्यांच्याकडं ती डिस्क नाहीय. देऊन टाकलीय त्यांनी. तू काय विचारू नको, त्यांना वाईट वाटंल. मशीन लाव आणि चहा टाक.’’’

तो चहा मी दोन कप प्यायले होते.