रद्द करण्याआधीचं एक वाक्य

कागद वाचून झाला की काका चष्मा कपाळावर ढकलायचे, कागद माझ्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "बाई, मी मशीन हाय. मला काय म्हाईत?"

हे ऐकलं की समजायचं, आपलं लिखाण फसलं. सुरुवातीला मला याचा भारी राग यायचा. मी चांगली शिकलेली, आणि या गृहस्थांचा जन्म हिंगोलीच्या स्टँडसमोर ट्रॅव्हल्सच्या बुकिंगच्या टपरीत गेलेला. लोक फोनवरच तिकिटं काढू लागले, टपरी बंद पडली आणि काका आमच्या तीन टेबलांच्या ऑफिसात आले.

आमचं काम आधी सांगते. माणसाच्या वतीने बसचं तिकीट काढणारे, बदलणारे एआय एजंट आता आले आहेत. झालेलं बुकिंग रद्द करण्यासाठी आमच्या कंपनीने त्यांना एक टूल दिलं होतं. ते कधी वापरायचं, कसं वापरायचं आणि कधी त्याला हात लावायचा नाही, हे मी मराठीत लिहीत होते. वाचणार मशीनच. पण त्याआधी काकांनी मशीन होऊन वाचायचं, अशी पुण्याच्या साहेबांची कल्पना होती.

काका मशीन व्हायचे ते अगदी मनापासून. "'आवश्यक असल्यास प्रवाशाला विचारावे.' आवश्यक हाय का न्हाई, हे कोण ठरविणार?"

"काका, एवढं तर कळतंच ना!"

"माणसालाबी कळत न्हाई, बाई."

एकदा चहा आला, तर कपांकडे बघत बसले. "दोन कप हायेत. माझा कोणता, ते लिवलेलं न्हाई," म्हणाले, आणि दोन्ही पिऊन टाकले. असल्या माणसावर किती वेळ रागावणार? तुम्हीही हसला असता.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. ऑफिसात खुर्ची कमी पडली तर काका उभे राहत, पण कोपऱ्यातल्या स्टुलावर कधी बसत नसत. मला वाटायचं, म्हातारा मानी आहे.

त्यांनी माझ्याकडून एक वाक्य लिहून घेतलं होतं : 'रद्द करण्याआधी नाव, गाव, तारीख वाचून दाखवा आणि "हेच ना?" असं विचारा. उत्तर येईपर्यंत काहीही करू नका.' साहेबांना ते पसंत पडेना. फोनच्या स्पीकरवर म्हणाले, "एवढं विचारत बसायचं तर मशीन कशाला? काढून टाका ते."

मी पेन उचललं. काकांनी कागदावर हात ठेवला.

"साहेब, एक सांगू का? टपरीवर एकदा फोन आला, सेनगावच्या पाटलाचं तिकीट रद्द करा. यादीत आमी आडनाव अन् गावच लिवायचो. पाटील दोनदा दिसला, चुकून दोनदा लिवला आसल म्हणून मी दोन्ही रद्द केले, जागा इकून टाकल्या. खरं तर सेनगावचे पाटील दोन येगळे होते. संध्याकाळी एक बाप पोरीला सोडायला आला. सकाळी पुण्यात तिची परीक्षा, अन् गाडी तर भरलेली. बाप भांडला न्हाई, साहेब. 'तुमी काय मुद्दाम केलं व्हय, भाऊ,' म्हणला. माझं बसायचं स्टूल मी गाडीत मधल्या वाटेवर ठिवलं. त्याच्यावर बसून गेलं लेकरू पुण्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी स्टूल परत आलं. पेपर कसा गेला, ते काई कळलं न्हाई."

मग साहेब म्हणाले, "राहू द्या ते वाक्य." माझी नजर कोपऱ्यातल्या स्टुलाकडे गेली. माझी मलाच लाज वाटली.

पुढे टूल सुरू झालं. काकांनी लेकीकडे पुण्याला जायला आमच्याच एजंटकडून तिकीट काढून घेतलं, खिडकीची जागा मागून. जायच्या दोन दिवस आधी, जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. लेकच पुण्याहून इकडे आली. सगळं उरकल्यावर काकांचा फोन माझ्या हातात देत म्हणाली, "ताई, अण्णांचं तेवढं तिकीट रद्द करता का? मला त्यातलं कळत न्हाई."

मी एजंटला सांगितलं. पडद्यावर काकांचं पूर्ण नाव आलं. हिंगोली ते पुणे. उद्याची तारीख. आणि खाली विचारलेलं : हेच ना?

मला काही लिहवेना. डोळे भरून आले होते. मशीन थांबून होतं. उत्तर येईपर्यंत काहीही करायचं नाही, असं आम्ही दोघांनीच त्याला लिहून दिलं होतं. शेवटी मी लिहिलं, "व्हय."

त्या खिडकीपाशी दुसऱ्या दिवशी कोण बसलं, मला माहीत नाही. मधल्या वाटेवर स्टूल टाकून तरी कुणी गेलं नसेल.