शेऱ्यातला चिनी शब्द

कोरेगाव भीमाला हायवेलगतच्या एका कारखान्यात मी रबरी वॉशर तपासून पिशव्यांत भरायचे. सहा महिन्यांनी पर्मनंट करतात, असं ऐकून होते. माझ्या हातात मात्र तीन महिने मुदतवाढीचा कागद पडला. कारणाच्या रकान्यात साहेबांनी इंग्रजीत लिहिलं होतं, ‘टू गुंग-हो’. टू म्हणजे जास्त, एवढं कळलं. जास्त काय, ते विचारायची हिंमत झाली नाही. मैत्रिणींनी तर ती शिवीच ठरवून टाकली.

सुट्टीच्या दिवशी जीपनं शिरूर गाठलं. तिथं शाळेतले माझे इंग्रजीचे सर राहायचे. त्यांनी जाडजूड डिक्शनरी काढली. शब्द चिनी निघाला. तिकडे कामगारांच्या सहकारी संस्था होत्या, त्यांच्या लांबलचक नावाचं हे आखूड रूप. गुंग म्हणजे काम, हो म्हणजे मिळून. अमेरिकन सैनिकांनी तो घोषणेसारखा उचलला आणि इंग्रजीत रुळेपर्यंत त्याचा अर्थ झाला, अति उत्साही.

“असं काय केलंस तू?” सरांनी विचारलं.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा हात मंद होता. त्या मागं पडल्या की मी माझं काम टाकून त्यांच्या पिशव्या भरायला जायचे. आठवलं ते एवढंच, तेच सरांना सांगितलं.

घरी तळेगावात वडिलांना, आप्पांना, सगळं सांगितलं. त्यांचा सगळा जन्म गावच्या दूध सोसायटीत गेलेला. ते खूश झाले.

“म्हंजी आपली इर्जिकच की. आज एकाचं रान समद्यांनी मिळून नांगरायचं, उद्या दुसऱ्याचं. त्यात खोट काय हाय?”

“ते साहेबांना सांगा तुम्ही,” मी फणकारले. मला नोकरी हवी होती.

पुढचे तीन महिने मी मान वर केली नाही. बाईंच्या टेबलावर ढीग साचायचा, त्यांना बोलणी बसायची, त्या माझ्याकडे बघायच्या. मी वॉशर मोजत राहायचे. मला माझीच लाज वाटायची.

पर्मनंटचं पत्र मिळालं तेव्हा आप्पांनी घरोघर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी माझ्या पिशव्या संपवून मी बाईंच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. फक्त स्टूल थोडं सरकवून माझ्यापुरती जागा केली.