धोंडीच्या मापाचा झगा

रुपराव कोष्टी दिवसभर नवं कापड विणायचा आणि त्याची एकुलती एक लेक लोकांच्या जुन्या कपड्यांत हिंडायची. इतवारीच्या बाजारामागच्या त्या गल्लीत याचं कुणाला नवल नव्हतं. धोंडीच्या आधीची दोन लेकरं बाळसं धरता धरता गेली होती. म्हणून ही जन्मली तेव्हाच रुपरावच्या बायकोनं, प्रयागबाईनं, देवाला बोलून ठेवलं, की पाच वर्षं पोरीच्या अंगाला तिच्यासाठी केलेलं कापड लावायचं नाही. मागून आणायचं आणि तेच घालायचं. नावही धोंडी ठेवलं, म्हणजे दगड समजून तिला कुणाची नजर लागू नये.

रुपरावचा असल्या गोष्टींवर फारसा भरवसा नव्हता. पण जिनं दोनदा रिकामा पाळणा उतरवून माळ्यावर टाकला, तिच्याशी वाद घालायची त्याची छाती नव्हती. त्यानं मान डोलावली आणि माग चालू ठेवला.

पोरीचं कौतुकसुद्धा त्या घरात चोरून व्हायचं. धोंडी पालथी पडली, तर गूळ वाटला नाही. पहिला दात आला, तर शेजारणी आल्या की प्रयागबाई पदरानं तिचं तोंड पुसत बसायची, दात दिसूच द्यायची नाही. रुपराव मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला, की पोर काठाशी रांगत यायची आणि आडव्या धाग्याचा धोटा इकडून तिकडे गेला की 'खट्' म्हणायची. हा तिचा पहिला शब्द. आई-बाप नंतर आले, आणि त्यातही बापाचा नंबर दुसरा लागला म्हणून रुपराव दोन दिवस खट्टू होता.

चालायला ती शिकली गल्लीत. मागावर चढवायच्या आधी उभे धागे खळ लावून गल्लीभर ताणून ठेवतात, त्याला ताणा म्हणतात. लेकरू ताण्याजवळ फिरकलं की कोष्टी खेकसलाच म्हणून समजा. पण त्या सकाळी धोंडी ताण्याच्या कडेनं उभी राहिली, धाग्यांना जेमतेम बोटं टेकवली आणि निघाली. कुणाच्या तरी थोरल्या पोराचं झबलं तिच्या घोट्यापर्यंत लोंबत होतं. रुपराव हातातला खळीचा कुंचा तसाच धरून बघत राहिला. ती आली आणि त्याच्या पोटऱ्यांना बिलगली. एक धागा तुटला नव्हता. त्याला तिला डोक्यावर घेऊन साऱ्या गल्लीला दाखवावंसं वाटलं, पण त्यानं नुसता तिच्या नाकाचा शेंबूड पुसला.

धोंडी साडेतीन वर्षांची झाली तेव्हा लकडगंजाच्या रस्त्यावर कुसुमताई नावाच्या बाईंनी बालकमंदिर काढलं. प्रयागबाईनं हौसेनं पोरीला तिथं घातलं. दोन महिन्यांनी बालकमंदिर चालवणाऱ्या मंडळानं ठरवलं, की सगळ्या मुलांना सारखा पोशाख हवा. निळा झगा, पांढरी गळपट्टी. कापड हातमागाचंच पाहिजे म्हणून कुसुमताई गल्लीत आल्या आणि काम रुपरावलाच दिलं. प्रयागबाईनं त्या निळ्या सुताच्या कांड्या भरल्या, रुपरावनं ताका विणला. साऱ्या बालकमंदिराचे झगे त्यातून निघाले, एक धोंडीचा सोडून.

झगे वाटले त्या दिवशी पोर घरी आली ती थेट मागापाशी जाऊन बसली.

"मी निळी काहून नाही?" तिनं विचारलं.

रुपरावनं बायकोकडे बघितलं. प्रयागबाई चुलीत फुंकर घालत होती, तिनं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी धोंडीनं दाराचा खांब धरला आणि शाळेत जायला साफ नकार दिला. तिसऱ्या दिवशीही तेच.

"दीड वर्षाचा तर सवाल हाय," प्रयागबाई म्हणाली. "थांबन ते घरी. मले नोका काही म्हणू जी."

 ताक्याचा शेवटचा तुकडा रुपरावनं ठेवून घेतला होता. तो बायकोला न सांगता शिंप्याकडे नेला, झगा शिवून आणला आणि शेजारच्या प्रेमिलावहिनीपुढे ठेवला. बेत असा, की वहिनींनी तो एक दिवस आपल्या लेकीला, अनसूला, घालावा. मग तो जुना झाला, अनसूचा झाला. मग प्रयागबाई तो मागून नेईल आणि बोलही राहील.

"भाऊजी, अनसू सहा वर्षांची हाय," प्रेमिला म्हणाली. "तिचं डोकं तरी जाईल काय याच्यातून?"

डोकं गेलं. हात गेले नाहीत. बिचारी अनसू दिवसभर कोंबून बसवल्यासारखी ओट्यावर बसली आणि संध्याकाळी प्रयागबाईनं पदर पसरून झगा मागून आणला.

सकाळी धोंडी निळी होऊन उड्या मारत गेली. रुपराव विजयी मुद्रेनं मागावर बसला आणि तिथंच त्याची गंमत संपली. ताका विणताना, प्रत्येक हाताला, त्याच्या मनात धोंडीच होती. शिंप्याला मापही तिचंच दिलं होतं. अनसूच्या गळ्यात एक दिवस अडकवल्यानं ते कापड दुसऱ्याचं कसं होणार? ज्या बोलावर त्याचा भरवसा नव्हता, त्याचीच आता त्याला धास्ती बसली. धोटा चुकू लागला, धागे तुटू लागले. दुपार व्हायच्या आत तो उठला आणि अनवाणीच लकडगंजाच्या रस्त्याला लागला.

बालकमंदिराच्या खिडकीशी प्रयागबाई आधीच उभी होती.

"तू काहून आली वं?" त्यानं विचारलं.

"तुमी काहून आले?"

मग त्यानं सगळं सांगून टाकलं. शिंपी, तुकडा, अनसू.  प्रयागबाई खिडकीतून नजर न काढता ऐकत होती.

"मले मालूम होतं जी," ती म्हणाली. "साडेतीन वर्षांत पोरीच्या अंगाले एक कपडा बरोबर बसला नाही. सकाळी हा घातला, तर खांदाही बसला न् बाहीही बसली. तवाच समजलं."

"मंग काढला काहून नाही?"

"आरशात पाहून राहिली होती ते." प्रयागबाईचे डोळे भरून आले. "भेव माहं हाय. तिच्या अंगावर किती दिवस घालू?"

आत सगळी मुलं पाठमोरी बसून काहीतरी म्हणत होती. निळ्या पाठींची रांगच रांग. रुपरावनं एकेक डोकं निरखलं, पुन्हा निरखलं. हे कापड त्यानं स्वतः विणलेलं, आणि त्यातली आपली कोणती ते त्याला कळेना.

"कुठं हाय वं ते?"

"मी कवाची पाहून राहिली," प्रयागबाई म्हणाली. "मलेच सापडून नाही राहिली, तर नजर कोणाची लागते तिले?"

ती डोळे पुसत हसली. रुपरावही हसला आणि मग दोघंही शाळा सुटेपर्यंत तिथंच उभे राहिले.