चौथं पिल्लू

“रंग राहू द्या. तो करून काय राहिला, ते सांगा.”

तलावाच्या बांधावर हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आनंदाने जवळजवळ ओरडत होतो. समोरच्या बाभळीवर काहीतरी निळं-नारिंगी झळकलं होतं, आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थांना मी रंगांवर रंग सांगत सुटलो होतो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“डोकं खालीवर करून राहिला,” मी म्हणालो. “गेला! पाण्यात गेला! आता मासोळी फांदीवर आपटून राहिला.”

“मंग खंड्या हाये. आता कसं बोलले!”

त्या गृहस्थांना मी पुढे काका म्हणू लागलो. काकांना लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नसे, हे मला नंतर कळलं. त्याहून मजेची गोष्ट अशी की अकोल्यात मी नुकताच राहायला आलो होतो त्याच गल्लीच्या तोंडाशी त्यांचं साड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक बाईने ‘मोरपंखी दाखवा’ म्हटलं की काका आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारत, “अवं, मोरपंखी म्हणतात!” मग काकू येऊन नेमका गठ्ठा काढून देत. काठ, पोत आणि साडी कोणत्या फळीवर ठेवली आहे, एवढ्यावर काकांचं दुकान चाले. एकदा काकू माहेरी वलगावला गेल्या असताना त्यांनी डोहाळजेवणासाठी हिरवी म्हणून लालभडक साडी बांधून दिली. मुलीची सासू तणतणत आली. काका शांतपणे म्हणाले, “काठ तं तोच हाये ना बाई?”

तुमच्यापैकी जे सकाळी दुर्बीण घेऊन पाण्याकाठी जातात, त्यांना ठाऊक असेल की आपण बहुतेक जण पक्ष्याचं नाव कळलं की पुढे सरकतो. काकांचं पाहणं नाव कळल्यावर सुरू व्हायचं. बगळा पाय थरथरवत चिखल का ढवळतो, टिटवी पंख मोडल्याचं सोंग करून कुत्र्याला अंड्यांपासून लांब कशी नेते, हे ते सिनेमा पाहावा तसे पाहत. चमचा पक्षी पाण्यात चोच डावी-उजवीकडे फिरवू लागला की म्हणत, “पाहा, सासू सुनेच्या माहेरी आली. कुठं काय ठेवलं, सारं पाहून राहिली.”

माझा स्वभाव पहिल्यापासून स्वतःला दोष देण्याचा. घरी दूध उतू गेलं तरी मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. बांधावर माझ्या पावलाने एखादा पक्षी उडाला की मी पुटपुटायचो, “माफ कर बाबा.” काकांनी ते एकदा ऐकलं.

“त्याले माफी नाई पाहिजे. मासोळी पाहिजे. तुमी बसा खाली.”

सगळं पाहिलेल्या या माणसाचं एकच राहिलं होतं. कमळाच्या पानांवर लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी असतो ना, त्याची मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबवायची बापाने, पिल्लं वाढवायची बापाने. (काकूंनी हे ऐकलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “चांगलं हाये.”) संकट आलं की हा बाप पिल्लांना चक्क पंखांखाली, बगलेत उचलून चालू लागतो. काकांनी हे वाचलं होतं, ऐकलं होतं. डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

आणि काका आता अकोला सोडणार होते. गुडघे थकले, दुकान आवरलं, मुलाने पुण्याला बोलावलं. त्याच पावसाळ्याच्या शेवटी एका कमळपक्ष्याने बांधाच्या अगदी जवळ घरटं केलं. चार अंडी, आणि चारही फुटून पिल्लं निघाली. निघायच्या दिवशी सकाळी काका प्रवासाचा नवा शर्ट घालून बांधावर हजर!

“आज नाई तं कधीच नाई,” ते म्हणाले.

बाप पानावर उभा होता. पिल्लं इकडेतिकडे पळत होती. तेवढ्यात भोवत्या आला, पाण्यावरून खाली खाली उडणारा तो शिकारी पक्षी. बापाने एक कर्कश हाक दिली आणि गुडघे मोडून पंख उघडले. पिल्लं धावली. पंख मिटले. बाप उठून चालू लागला, आणि त्याच्या दोन्ही कुशींखालून नुसते पायच पाय लोंबत होते!

काकांनी माझा दंड असा दाबला की दोन दिवस दुखत होता. “पाहून राहिले ना? ओ भाऊ, पाहून राहिले ना?” मग एकदम म्हणाले, “लोंबते पाय मोजा.”

मी मोजले. सहा.

“चौथं कुठं हाये?”

चौथं कुठेच नव्हतं. भोवत्या अजून घिरट्या घालत होता. मी उभा राहिल्यामुळेच ते बिचकलं असेल, असं मी म्हणणार, तोच काकांचा फोन वाजला. पलीकडून काकूंचा आवाज मलाही ऐकू आला, “अवो, गाडी पकडाची हाये का पाखरू?”

काकांनी पाण्याकडे पाहिलं. मग गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या गळ्यात घातली.

“तुमी थांबा. काय झालं ते मले सांगजा. पण दया येऊन खोटं नका सांगू. तुमी सांगसान, मले माहीत हाये. भोवत्यानं नेलं असन तं नेलं म्हणजा.”

ते बांधावरून लंगडत गेले. मी बसून राहिलो. खरं सांगतो, खोटं मनात तयार ठेवलं होतं.

भोवत्या एकदाचा निघून गेला. बापाने तिघांना खाली उतरवलं आणि हाका मारत पानापानांवर फिरू लागला. ऊन चढलं. मी आशा सोडत आलो होतो, आणि एका पानाच्या कडेला पाण्यात काडीएवढं काहीतरी हललं. चोच! बाप तिकडे धावला. भिजलेला एक गोळा पानावर चढला आणि थेट त्याच्या पंखाखाली शिरला. मी एकटाच बांधावर उड्या मारत होतो.

फोन लागेना. पुन्हा, पुन्हा. शेवटी लागला. मागे गाडीची खडखड.

“काका, सापडलं! चौथं सापडलं!”

पलीकडून संशयाने, “कुठून निघालं?”

“पानाखालून. सारं अंग पाण्यात, अन् नुसती चोच वर काढून बसलं होतं.”

“हे तुमाले सुचलं नसतं,” काका म्हणाले. “खरं हाये.”

आणि मग ते डब्यात ओरडले, “अवं, सापडलं!” काकू ‘हळू बोला’ म्हणत होत्या. कुणीतरी प्रवासी घाबरून विचारत होता, “कोणाचं लेकरू हरवलं होतं, काका?”

“सांगतो,” काका म्हणाले. “तुमी सरका जरा, मले बसू द्या.”

फोन बंद करायचं ते विसरूनच गेले होते. मी पाण्याकडे पाहत ऐकत राहिलो. गाडी पुण्याकडे चालली होती, आणि काका त्या अनोळखी माणसाला अगदी पहिल्या अंड्यापासून सांगत होते.